ढील, खेच आणि मरळ

पाण्यावर तरंगणाऱ्या रबरी बेडकाला कोणता दोरा बांधावा, हा प्रश्न ज्याला आयुष्यात पडला नाही तो माणूस सुखी. ज्याला पडला त्याचं काही खरं नाही. नागपुरात अशी माणसं आहेत आणि दिसायला ती तुमच्याआमच्यासारखीच दिसतात. नोकऱ्या करतात, मुलांच्या फिया वेळेवर भरतात आणि लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्याला हळूच विचारतात, "सध्या काय लावून राहिला बे?" शेजारचा डोक्याच्या तेलाचं नाव सांगेल असं आपल्याला वाटतं. तो सांगतो, "आठ पदरी. चाळीस पाउंड." मग बुंदीवाला येऊन जातो, मठ्ठ्यावाला येऊन जातो आणि यांचं सुरूच असतं.

मीही त्याच पंगतीतला.

या प्रकरणाचं माहेर अमेरिका. तिकडे बास नावाचा मासा आहे. तळ्याच्या काठाला पानांच्या सावलीत दबा धरून बसायचं आणि वर काही फडफडलं की पाणी फोडून झडप घालायची, असा त्याचा खाक्या. त्याच्यासाठी तिकडच्या लोकांनी पाण्यावरच चालणारी खोटी भक्ष्यं बनवली. एकाच्या तोंडाला खळगा असतो, ओढलं की 'गुडुप' करून पाणी उडवतं, तो पॉपर. एक लांबट, दोन्ही टोकांना निमुळतं; बारीक हिसके दिले की डावीउजवीकडे डुलत येतं. आणि एक पोकळ रबरी बेडूक. त्याचे दोन गळ पाठीला असे चिकटून असतात की तो गवतावरून, कमळाच्या पानांवरून सरकत येतो पण सहसा अडकत नाही. मासा चावला की रबर दबतं आणि गळ उघडे पडतात. या सगळ्या कुटुंबाचं आडनाव टॉपवॉटर. तळाशी सोडलेल्या गळाला मासा लागला तर ते हाताला कळतं. इथे आधी डोळ्यांना कळतं, मग कानांना, आणि हाताला सगळ्यात शेवटी. त्यामुळे एकदा ज्याने हे पाहिलं तो पुन्हा तळाकडे वळत नाही.

बास ना नागपूरच्या अंबाझरी तलावात, ना फुटाळ्यात. पण आपल्याकडे मरळ आहे. विदर्भातल्या तळ्याबोड्यांत, नाल्यांत, धानाच्या बांधीलगतच्या डबक्यातसुद्धा आहे. डोकं सापासारखं, अंग काळपट, आणि श्वास आपल्यासारखा. नुसत्या कल्ल्यांवर तिचं भागत नाही. डोक्यात हवा साठवायची वेगळी जागा असते आणि थोड्या थोड्या वेळाने ती वर येऊन एक घोट हवा घेऊन जाते. वर येऊ दिलं नाही तर पाण्यात असूनही गुदमरून मरते. म्हणूनच भोईपुऱ्याच्या मच्छीबाजारात ती घमेल्यातल्या चार बोटं पाण्यातही बराच वेळ जिवंत राहते. भाव ऐकून गिऱ्हाइकाचाच श्वास कोंडतो. जो मासा दिवसभर पृष्ठभागाला येऊन-जाऊन असतो, त्याला पृष्ठभागावरच गाठावं, हे अमेरिकेने शिकवायची गरज नव्हती. आपले ढिवर लोक जिवंत बेडूक गळाला लावून काठावरच्या गवतात नाचवत मरळ धरतात. रबरी बेडकाने फक्त त्या बेडकाचा जीव वाचवला.

उलट अमेरिकेलाच मरळीने शिकवलं. २००२ साली मेरिलँड राज्यातल्या क्रॉफ्टन गावच्या एका तळ्यात मरळीची चुलत बहीण सापडली, चीन-रशियाकडची जात. कुणीतरी जिवंत आणून सोडून दिलेली. केवढा हाहाकार! वर्तमानपत्रांनी तिला 'फ्रँकनफिश' म्हटलं, सरकारने तळ्यात औषध कालवून झाडून सगळे मासे मारले, जिवंत मरळ देशात आणायला बंदी केली. दोन वर्षांनी ती पोटोमॅक नदीत हजर. आता तिथले बासवाले तोच रॉड, तोच बेडूक, तोच दोरा घेऊन मरळीच्या मागे असतात. लोकांनी ती आवडीने खावी म्हणून २०२४ मध्ये मेरिलँडने तिचं सरकारी नावही बदलून 'चेसापीक चन्ना' केलं. भोईपुऱ्यात नाव न बदलता ती सकाळीच संपते.

तर दोरा. माझा भाचा या विषयातला अधिकारी पुरुष आहे. वय चोवीस, ज्ञान अमेरिकन, पाणी कुहीकडचं. तो म्हणाला, "मामा, फ्लोरोकार्बन लावा. पाण्यात दिसतच नाही."

बऱ्याच अंशी खरं आहे ते. १९७१ मध्ये जपानच्या कुरेहा कंपनीने हा दोरा बाजारात आणला. प्रकाशाचा किरण पाण्यात जितका वाकतो, जवळजवळ तितकाच या दोऱ्यातही वाकतो, म्हणून डोळ्याला पाणी कुठे संपलं आणि दोरा कुठे सुरू झाला हे सहजी उमगत नाही. पण पाण्याची घनता १ धरली तर याची १.७८ च्या आसपास. म्हणजे बेडूक वर आणि दोरा खाली. फेकल्यावर दोऱ्याचा जो झोल पाण्यावर पडतो तो हळूहळू बुडायला लागतो आणि बुडता बुडता पुढच्या बेडकाचं नाक धरून त्यालाही बोलावतो. पॉपर 'गुडुप' करायचं सोडून खरोखरच गुडुप होतो. तळाशी चालणाऱ्या आमिषांना हा दोरा उत्तम आहे, त्याची निंदा करण्याचं मला कारण नाही. फक्त वरच्या कामाला तो नको. शिवाय बेडूक पानांवरून येत असताना दोराही पानांवरच असतो. तो पाण्यात दिसत नाही याचं कौतुक कुणी करायचं? मला तर वाटतं, अदृश्य होण्याची हौस माशाच्या नव्हे, माणसाच्या मनातली आहे. एवढा वेळ, एवढा पैसा आपण कशावर घालवतो हे घरात दिसू नये म्हणून ही माणसं फ्लोरोकार्बन घेतात.

दुसरा आपला जुना तंगूस. नायलॉन. अमेरिकेतल्या ड्यू पाँट कंपनीत वॉलेस कॅरोथर्स या रसायनशास्त्रज्ञाच्या हाताखाली १९३५ मध्ये नायलॉन तयार झालं. १९३८ मध्ये त्याचा पहिला विकाऊ माल निघाला तो दात घासायच्या ब्रशचे केस, मग १९४० मध्ये बायकांचे पायमोजे, आणि त्याच सुमाराला मासे धरायचा दोरा. त्याआधी युरोपातले गळवाले घोड्याच्या शेपटीचे केस आणि रेशीमकिड्याच्या पोटातली तार वापरत. तंगूस आला आणि घोडे सुटले. याची घनता १.१४. हिशेबाने बुडायला हवा, पण बारीक असल्याने पाण्याच्या सायीवर बराच वेळ पडून राहतो, आणि बेडूक काही तासभर तळ्यात ठेवायचा नसतो. स्वस्त आहे, गाठ चांगली धरतो, दगडावर घासला तरी लगेच तुटत नाही. दोष म्हणाल तर चक्रीवर राहून राहून गोल वळणं घेतो, उन्हाने कमजोर होतो, पाणी पितो. आणि ताणतो. जोर लावला तर मूळ लांबीच्या पाव हिश्श्यापर्यंत वाढतो. हा त्याचा दोष की गुण, यावरच सगळं भांडण आहे. तिकडे यायचंच आहे.

पण आधी नागपुरात तंगूस विकत घेऊन दाखवा. तेही पौष महिन्यात.

संक्रांतीच्या आधी इतवारीत दोरी-सुतळीच्या दुकानात जाऊन मी अगदी सभ्यपणे म्हटलं, "नायलॉनचा बारीक दोरा पाहिजे, शंभर मीटर." दुकानदाराने आधी माझ्या मागे पाहिलं, मग माझ्याकडे.

"पतंगीचा नाही ठेवत आपण. बोर्ड वाचा."

"पतंगीचा नाही हो. मासे पकडायचा."

"सगळे हेच म्हणतात."

"माझ्याकडे पाहून मी या वयात पतंग उडवत असेन असं वाटतं का तुम्हाला?"

"मागच्या वर्षी तुमच्यापेक्षा म्हातारा पकडला पोलिसांनी."

त्याचं चुकलं नाही. राष्ट्रीय हरित लवादाने जुलै २०१७ मध्ये नायलॉन मांजावर देशभर बंदी घातली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने या विषयाची स्वतःहून दखल घेतली. दरवर्षी पोलीस चक्र्या जप्त करतात, दुचाकीवाले गळ्याला मफलर गुंडाळून फिरतात, आणि तरी कुणाचा तरी गळा कापल्याची बातमी येतेच. इथे गळ्याचं नाव निघालं की गळाच्या गोष्टी कोण ऐकून घेणार? शेवटी मी खिशातून रबरी बेडूक काढून काउंटरवर ठेवला. दुकानदाराने तो उलटापालटा करून पाहिला, पोट दाबून पाहिलं, नोकराला बोलावून दाखवला. मग म्हणाला, "फेब्रुवारीत या."

तिसरा दोरा ब्रेड. म्हणजे विणलेला, चार नाही तर आठ पदरी. हे पॉलिथिलीन, आपल्या पिशवीच्याच कुळातलं, पण ताणून ताणून त्याचे रेणू एका दिशेला लावलेले. नेदरलँड्समधल्या डीएसएम कंपनीच्या संशोधकांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस ही रीत बसवली. त्या धाग्याची गोळी अडवणारी जाकिटं होतात, जहाजं बांधायचे दोर होतात. आणि नागपूरचा माणूस त्याने रबरी बेडूक ओढतो. घनता ०.९७. तरंगतो म्हणजे तरंगतो. ताणत जवळजवळ नाहीच. त्याच ताकदीच्या तंगुसापेक्षा कितीतरी बारीक, म्हणून लांब जातो. तळ्याच्या पलीकडे बेडकाने नुसता पाय हलवला तरी इकडे बोटाला कळतं.

दोष? तो बोट कापतो. गवतात अडकलेला बेडूक सोडवायला दोरा हाताला गुंडाळून ओढलात तर बेडूक येईल, पण करंगळीची खात्री नाही. इतका गुळगुळीत असतो की चक्रीवर थेट गुंडाळला तर सगळाच्या सगळा गर्रकन फिरतो. म्हणून खाली चार वेढे तंगुसाचे द्यावे लागतात. म्हणजे फेब्रुवारीपर्यंत थांबणं आलंच. गाठ सुटते, दोरा दुहेरी करून वळसा द्यावा लागतो. आणि दुपारी तळ्यावर वारा सुटला की हलक्या आमिषामागून ढिला सुटलेला दोरा मध्येच असा गुंता करतो की तो सोडवताना माणसाची खरी जात कळते. माझा भाचा एरवी शिव्या देत नाही.

तंगूस असो की ब्रेड, गाठ आवळण्याआधी थुंकी लावावी, नाहीतर आवळताना घर्षणाने दोरा तापून तिथेच कच्चा राहतो. तंगुसाला तर हे फार लागतं. चारचौघांत करायला लाज वाटते, पण अमेरिकेतले मासेमारीच्या स्पर्धांचे विजेतेही हेच करतात.

आता ज्या पाण्यात हे सगळं घेऊन जायचं ते कसं असतं, हे सांगायला हवं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि थोडा नागपूर जिल्हा धरून सहा हजारांहून जास्त जुने तलाव आहेत. मालगुजारांच्या काळातले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले आणि 'माजी मालगुजारी'चं बोलता बोलता 'मामा' झालं. मामा तलाव म्हणजे चकचकीत निळं पाणी नव्हे. कुठे शिंगाड्याची वेल, कुठे कमळ, कडेला बेशरमीची जाळी, आणि पाण्याखाली पाणगवताचं रान. मरळ नेमकी तिथेच असते. आणि तलाव कुणाचा तरी असतो. मच्छीमार संस्थेने तो ठेक्याने घेतलेला असतो, बीज सोडलेलं असतं, राखण असते. तिथे शहरातून गाडी घेऊन जाऊन परभारे बेडूक नाचवणं हा उद्धटपणा आहे. विचारलं की बहुतेक वेळा हो म्हणतात, वर चहा देतात, आणि मग काठावर बसून फुकट तमाशा पाहतात.

अशाच एका काठावर संस्थेचे एक म्हातारे ढिवर बसले होते. मी पेटी उघडली, चक्री काढली, चाळीस पाउंडांचा हिरवा ब्रेड बेडकाला बांधायला घेतला. बराच वेळ ते पाहत होते. मग म्हणाले, "साहेब, हा दोरा बेडकाले बांधता का म्हशीले?"

प्रश्न योग्य होता. चाळीस पाउंड म्हणजे अठरा किलो. मरळ असते किलो-दीड किलोची, फार तर तीनची. मी त्यांना समजावलं की मरळ एकटी येत नाही. चावली की आधी गवतात घुसते आणि मग तिच्यासकट पाच-सहा किलो गवत ओढावं लागतं, शिवाय रबर दाबून गळ जबड्यात रुतवायला कडक झटका लागतो, ताणणारा दोरा तो झटका वाटेतच खाऊन टाकतो. त्यांनी सगळं ऐकलं. त्यांच्या स्वतःच्या काडीला कुठल्याशा जुन्या तंगुसाचा तुकडा होता आणि त्याला मोरपिसाच्या देठाची तरंगी. म्हणाले, "आमी गवतात जाऊच देत नाही तिले." आणि पुन्हा गप्प बसून पाहू लागले.

मी बेडूक फेकला. कमळाच्या दोन पानांवरून आणला, मधल्या मोकळ्या पाण्यात थांबवला. पाणी फुटलं. पत्र्यावर दगड पडावा तसा आवाज. आणि त्याच क्षणी माझ्या हाताने, मला न विचारता, झटका दिला. बेडूक पाण्यातून सुटून थेट माझ्या कानावरून मागच्या बेशरमीत गेला.

"तोंडात तरी जाऊ द्यायचा," म्हातारबा म्हणाले. "ते गिळून राह्यली होती. तुमाले कायले घाई?"

ही घाई नागपूरकराच्या हातात कुठून आली ते मला पक्कं ठाऊक आहे. गच्चीवरून. पतंगाचे पेच लढवणाऱ्यांत आमच्याकडे दोन घराणी. एक ढीलवाले. पेच लागला की चक्री मोकळी सोडायची, दोरा जाऊ द्यायचा, वाऱ्याला काम करू द्यायचं आणि समोरच्याचा मांजा घासून घासून आपोआप कटू द्यायचा. दुसरे खेचवाले. दोरा दोऱ्याला लागायचा अवकाश, दोन्ही हातांनी सपासप ओढायचं. एक तर त्याचा पतंग गेला, नाहीतर आपला. निकाल तिथल्या तिथे, आणि 'ओ काट'चा आरडाओरडा. महालातल्या आमच्या गच्चीवर माझे थोरले काका ढीलचे होते आणि बाकी सगळं घराणं खेचचं. काकांचा पेच इतका वेळ चालायचा की खाली तिळगूळ वाटून व्हायचा. आम्ही पोरं कंटाळून दुसऱ्या गच्चीवर जायचो. त्यांचा पतंग मात्र करीदिनाच्या संध्याकाळीही वर असायचा.

ब्रेड हा खेचवाल्यांचा दोरा आहे. हाताचा झटका जसाच्या तसा, त्याच क्षणी, पलीकडे पोचतो. हात शहाणा असेल तर याहून चांगला दोरा नाही. हात उतावळा असेल तर उतावळेपणाही तितक्याच इमानाने पोचतो. तंगूस ढीलवाल्यांचा. पाणी फुटलं, आपण घाबरून ओढलं, तरी मधला सगळा दोरा आधी ताणतो आणि त्या क्षणभरात मरळ बेडूक तोंडात घेऊन वळते. म्हणजे आपल्या हाताला जो धीर नाही तो दोऱ्यात विकत मिळतो. अमेरिकेतले कसलेले लोकसुद्धा मोकळ्या पाण्यात पॉपरला किंवा त्या डुलणाऱ्या आमिषाला पुष्कळदा तंगूसच लावतात, ते याचसाठी. त्या आमिषांना बारीक तीनकाटी गळ असतात. ते रुतायला जोर लागत नाही, उलट जोराने माशाचं तोंड फाटून सुटतात. बेडकाचे दोन गळ मात्र जाड, आणि रबराच्या आड. तिथे ब्रेडशिवाय इलाज नाही. मग धीर कुठून आणायचा? काही जण रॉडचं टोक नरम घेतात. काही जण पॉपरपुढे ब्रेडला हातभर तंगूस जोडतात. त्याने मऊ ब्रेड पुढच्या गळात अडकायचंही थांबतं. भाचा म्हणतो, पाणी फुटल्यावर मनात 'एक मरळ, दोन मरळ' म्हणायचं आणि मगच झटका. मला दोनपर्यंत पोचता येत नाही. माझं 'एक म' वरच सगळं आटोपतं.

म्हणून लोक जेव्हा विचारतात की दोरा कोणता घ्यावा, तेव्हा मी पाण्याचं विचारत नाही, माशाचं विचारत नाही. सिग्नल हिरवा व्हायच्या आधी हॉर्न वाजवता का, एवढं विचारतो. वर्धा रोडवर गाडी चालवणाऱ्या माणसाला मी सरळ ब्रेड द्यायला तयार नसतो.

दोऱ्यांची ही चिकित्सा नवी आहे असंही नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात, ११२९ च्या सुमारास, 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओव्या गातात, ही जुनी नोंद आपण ज्या ग्रंथातून नेहमी सांगतो तोच हा. त्यात राजाच्या करमणुकींमध्ये 'मत्स्यविनोद' नावाचं प्रकरण आहे: कोणते मासे, त्यांना कोणतं खाद्य घालून जमवायचं, गळाची काठी कशी, दोरी कशी. माशांचे मोठे अभ्यासक सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये त्यावर सविस्तर लिहिलं. राज्य सांभाळून, लढाया करून या गृहस्थाला गळाच्या दोरीचा विचार करायला सवड होती, याचा आम्हा लोकांना फार आधार वाटतो. घरी कुणी बोललं की आम्ही सोमेश्वराचं नाव सांगतो. घरचे म्हणतात, त्याच्याकडे भाजी आणायला माणसं होती.

मात्र वर्षातल्या एका काळात कोणताच दोरा चालत नाही. पावसाळ्यात मरळ पिल्लं काढते. पाण्यावर नारिंगी-लाल बारीक पिल्लांचा घोळका उकळल्यासारखा दिसतो, आणि त्याच्या खाली आई-बाप राखणीला असतात. त्यावरून बेडूक नेला की ती हमखास चावते. भुकेने नव्हे, रागाने. चावा असा मिळतो की व्हिडिओ काढावा. पण ती गेली की वरचा घोळका लवकरच इतर माशांच्या पोटात जातो. तिथे चक्री गुंडाळायची आणि चहा मागायचा. भाच्याला हे एकदाच सांगावं लागलं, याचं मला बरं वाटलं.

तुटक्या दोऱ्याचंही तसंच. तंगूस, ब्रेड, काहीही असो, काठावर टाकलेला तुकडा लवकर कुजत नाही आणि बगळ्याच्या पायाला, पाणकावळ्याच्या पंखाला गुंडाळतो. इतवारीचा दुकानदार ज्या संशयाने माझ्याकडे पाहत होता, त्याने तळ्याच्या काठावर येऊन पाहिलं असतं तर काही ठिकाणी त्याचा संशय खरा ठरला असता.

आता उरला रंग. यावर आमच्यात अजून एकमत नाही. भाचा हिरव्याचा. गवतात हिरवा दिसत नाही, असं त्याचं म्हणणं. मी पिवळ्याचा, कारण मला दिसला पाहिजे. चाळिशी उतरून पन्नाशी आली की साठ पावलांवरचा हिरवा दोरा हिरव्या पाण्यावर शोधणं म्हणजे डोळ्यांच्या डॉक्टरची फी. दोरा जिथे पडलाय तिथे तो थरथरतो का, सरळ होतो का, हे पाहण्यातच अर्धं काम असतं. खालून आभाळाकडे पाहणाऱ्या मरळीला हिरवा काय अन् पिवळा काय, एक काळी रेघ दिसत असणार. भाचा म्हणाला, "मग शेवटचा हातभर काळ्या मार्करने रंगवा." ही तडजोड निघाली आणि त्या संध्याकाळी हॉलमध्ये वर्तमानपत्र पसरून मी रंगवायला बसलो. पिवळी चक्री एका बाजूला, हिरवी दुसऱ्या बाजूला.

सौ. कात्री घेऊन आली. गच्चीवरच्या कारल्याच्या वेलाच्या मांडवाची तार तुटली होती.

"यातला पक्का कोणता?"

मी चष्मा काढला आणि सांगायला लागलो, की पक्केपणाचं असं असतं, उन्हात तंगूस कमजोर होतो, पण वेल वाऱ्याने हलणार, मग थोडी ढील बरी, उलट कारली धरल्यावर वजन...

तिने हिरव्यातला सहा हात कापला. पिवळाही कापला, तितकाच, आणि गेली.